स्तन कर्करोगातील लसीका चित्रण

स्तनातील लसीका कोणत्या मार्गाने वाहते आणि ती सर्वप्रथम कोणत्या लसीका ग्रंथीत पोहोचते, हे शस्त्रक्रियेपूर्वी चित्ररूपाने पाहण्याची पद्धती. स्तनाच्या कर्करोगाच्या कोशिका मूळ अर्बुदापासून सुटून लसीकेबरोबर वाहू लागल्या, तर बहुधा याच पहिल्या ग्रंथीत त्या अडकतात. म्हणून ही ग्रंथी ओळखून तिची तपासणी केल्यास काखेतील इतर ग्रंथींत रोग पसरला आहे किंवा नाही, याचा अंदाज करता येतो. स्तनाच्या कर्करोगाने पीडित झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या काखेतील सर्व ग्रंथी काढून टाकण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रूढ होती. ही प्रथा मागे पडून रोग नसलेल्या ग्रंथी जागच्या जागी राहू लागल्या, याचे बरेचसे श्रेय या चित्रणास व त्यातून निघालेल्या शस्त्रक्रियेस दिले जाते.

शारीर पार्श्वभूमी : ऊतकांमधील कोशिकांभोवतीचा जादा द्रव लसीकावाहिन्या गोळा करतात. तो वाटेतील लसीका ग्रंथींमधून गाळला जाऊन अखेर मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या नीलांमध्ये परत जातो. स्तनातील लसीकेचा बहुतांश भाग त्याच बाजूच्या काखेतील ग्रंथींकडे जातो. उरलेला भाग उरोस्थीच्या कडेने, बरगड्यांच्या मागे असलेल्या अंतःस्तनीय ग्रंथींकडे, तर क्वचित हंसळीच्या हाडाच्या वरील ग्रंथींकडे जातो. काखेतील ग्रंथींची संख्या व्यक्तिपरत्वे बदलते. सामान्यतः ती वीस ते तीसच्या दरम्यान असते. या ग्रंथी हाताच्या लसीकेचेही गाळण करीत असल्याने त्या सर्व काढल्यास हातातील लसीकेचा मार्ग अडतो. त्यामुळे हात सुजतो, जड होतो व त्यास वारंवार जंतुसंसर्ग होण्याचा संभव असतो. या विकारास लसीकाशोफ म्हणतात. तो एकदा जडला म्हणजे पूर्णपणे बरा होणे कठीण असते.

लसीकेचा प्रवाह सर्व स्त्रियांमध्ये एकाच ठरीव मार्गाने जात नाही. राजमाचीच्या उतारांवर पडलेले पावसाचे पाणी अखेर कोंडाण्याच्या दरीतून उल्हास नदीस मिळत असले, तरी कोणत्या उतारावरचे पाणी कोणत्या ओढ्यात प्रथम उतरते, हे प्रत्यक्ष पाहूनच सांगावे लागते. स्तनाच्या बाबतीतही तसेच आहे. काखेची सर्वसाधारण रचना ठाऊक असली, तरी एका विशिष्ट अर्बुदाची पहिली ग्रंथी कोणती, हे त्या रुग्णातच शोधावे लागते. चित्रणाची गरज यातूनच निर्माण झाली.

लसीकावाहिन्यांचा शोध : इटालियन शारीरविज्ञ गास्पारे आसेल्ली यांना १६२२ मध्ये नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या आंत्रबंधात दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये झां पेके यांनी १६५१ मध्ये छातीतील मुख्य लसीकावाहिनीचे वर्णन केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्वीडनमधील ओलोफ रुडबेक व डेन्मार्कमधील टॉमास बार्थोलिन यांनी सबंध शरीरभर पसरलेले हे तंत्र रक्ताभिसरणाहून वेगळे आहे असे दाखविले. या बारीक व पारदर्शक वाहिन्या दिसाव्यात म्हणून मृत शरीरात पारा भरण्याची युक्ती योजण्यात आली. पाओलो मास्कान्यी यांनी १७८७ मध्ये या पद्धतीने तयार केलेला सचित्र ग्रंथ दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला.

स्तनाच्या लसीकावाहिन्यांचे तपशीलवार वर्णन फ्रेंच शारीरविज्ञ मारी सापे यांनी १८७४ मध्ये केले. स्तनातील लसीका स्तनाग्राभोवतालच्या गडद वर्तुळाखालील जाळ्यात एकत्र येते आणि तेथून काखेकडे जाते, असे त्यांचे मत होते. पुढे सु. ऐंशी वर्षांनी या मताच्या काही भागाविषयी शंका घेतली गेली. तथापि या जाळ्यास त्यांचे नाव कायमचे जडले. तसेच स्तनाग्राच्या परिसरात रंग टोचण्याच्या आधुनिक पद्धतीस त्यांच्या वर्णनाचा आधार मिळाला.

शस्त्रक्रियेचा विस्तार : कर्करोग आरंभी स्थानिक असतो आणि लसीकावाहिन्यांतून टप्प्याटप्प्याने पसरतो, असे मत फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी फ्रांस्वा ल द्रां यांनी अठराव्या शतकात मांडले होते. एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांनी लसीका ग्रंथी या रोगास अडविणाऱ्या गाळण्या होत, असे प्रतिपादन केले. या दोन कल्पनांच्या आधारे अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ पासून स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील सर्व ऊतक एकसंधपणे काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्यांनी १८९४ मध्ये पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत इतरांच्या मानाने पुष्कळच कमी होते. म्हणून ही मूलगामी स्तनोच्छेदन शस्त्रक्रिया जगभर स्वीकारली गेली व सु. पाऊणशे वर्षे टिकली.

या शस्त्रक्रियेने अनेकींचे आयुष्य वाढविले, पण त्याचे मोलही भारी होते. छाती खोलगट होणे, खांद्याची हालचाल मर्यादित होणे व हात सुजणे हे तिचे नेहमीचे परिणाम होते. काखेत रोग नव्हताच असे पुढे निष्पन्न झालेल्या स्त्रियांनाही ते भोगावे लागत. रोग नसलेल्या काखेतील ग्रंथी काढल्याने रुग्णास काही लाभ होतो काय, हा प्रश्न अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या यादृच्छिक चाचणीने तपासला. हातास ग्रंथी न लागणाऱ्या १,०७९ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले होते. एका गटात मूलगामी शस्त्रक्रिया, दुसऱ्यात साधे स्तनोच्छेदन व प्रारण चिकित्सा आणि तिसऱ्यात केवळ साधे स्तनोच्छेदन केले गेले. तिसऱ्या गटात काखेवरील शस्त्रक्रिया पुढे ग्रंथी वाढल्या तरच करावयाची होती. पंचवीस वर्षांच्या पाहणीनंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांतील आयुर्मर्यादेत महत्त्वाचा फरक आढळला नाही. काखेतील ग्रंथी काढणे हा प्रामुख्याने रोगाची अवस्था जाणण्याचा मार्ग आहे, ही समजूत यानंतर दृढ झाली. केवळ माहितीसाठीच ग्रंथी काढावयाच्या असतील, तर ती माहिती कमी इजा करून मिळविता येईल काय, असा पुढचा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

रंगद्रव्ये व क्ष-किरण : जिवंत माणसाच्या लसीकावाहिन्या पाहण्याचा मार्ग १९३३ मध्ये हडॅक व मॅकमास्टर या अमेरिकन संशोधकांनी दाखविला. त्यांनी त्वचेत निळे रंगद्रव्य टोचून सूक्ष्म लसीकावाहिन्यांचे जाळे डोळ्यांना दिसेल असे केले. लंडनमधील जॉन किनमंथ यांनी १९५२ मध्ये या युक्तीचा पुढचा टप्पा गाठला. रंगाने दिसू लागलेल्या पायाच्या वाहिनीत त्यांनी बारीक सुई घातली व क्ष-किरणांना अपारदर्शक असा पदार्थ भरून तिचे छायाचित्र घेतले. मात्र स्तनातील वाहिन्या फार बारीक असल्यामुळे हे तंत्र तेथे अवघड ठरले. तथापि हंगेरीतील केट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये स्तनाचे असे प्रत्यक्ष लसीका चित्रण करून दाखविले. काखेतील एक ठराविक ग्रंथी प्रथम भरते, असे त्यांच्या निरीक्षणात आले होते.

किरणोत्सर्गी कलिले : वाहिनीत सुई न घालता केवळ ऊतकात पदार्थ टोचून लसीकेचा मार्ग पाहता येईल, हे किरणोत्सर्गी समस्थानिकांमुळे शक्य झाले. १९५३ मध्ये शर्मन व टेर-पोगोसियन यांनी ऊतकात टोचलेले किरणोत्सर्गी सोन्याचे कलिल लसीका ग्रंथींमध्ये साठते असे दाखविले. स्वीडनमध्ये हुल्टबोर्न व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये याच कलिलाने स्तनातून काखेकडे व उरोस्थीच्या कडेकडे जाणाऱ्या लसीकेचा अभ्यास केला. इंग्लंडमध्ये टर्नर-वॉर्विक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात स्तनाच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही भागांतील लसीकेचा तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग काखेकडेच जातो असे आढळले. आतील भागातील अर्बुदाची लसीका मुख्यतः अंतःस्तनीय ग्रंथींकडे जाते, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

सोने–१९८ या समस्थानिकाचे अर्धायुष्य सु. २·७ दिवस असून त्यातून बीटा कणही बाहेर पडतात. टोचलेल्या जागेवरील ऊतकास त्यांचा मोठा मात्रांश मिळत असल्याने हे समस्थानिक नेहमीच्या वापरास योग्य नव्हते. टेक्नेशियम–९९एम या समस्थानिकाने ही अडचण दूर केली. त्याचे अर्धायुष्य सु. ६ तासांचे असून त्यापासून मुख्यतः १४० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण मिळतात. ते शरीराबाहेरून टिपता येतात. या समस्थानिकाचा जनक मॉलिब्डेनम–९९ हा सु. ६६ तासांचे अर्धायुष्य असलेला समस्थानिक होय. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जनित्र बनविण्यात आले. त्यात मॉलिब्डेनम धरून ठेवलेले असते व तयार होणारे टेक्नेशियम लवणाच्या विद्रावाने धुऊन काढले जाते. असे जनित्र रुग्णालयात सु. आठवडाभर वापरता येते. याच सुमारास हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा तयार केला. या दोन साधनांच्या योगाने अणुकेंद्रीय वैद्यकाची बहुतेक सर्व चित्रणे सुलभ झाली. कॅनडातील टोराँटो येथे गुनेश एगे यांनी १९७६ मध्ये टेक्नेशियमयुक्त अँटिमनी सल्फाइड कलिल वापरून अंतःस्तनीय ग्रंथींचे चित्रण प्रसिद्ध केले. प्रारण चिकित्सेचे क्षेत्र ठरविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला.

प्रहरी ग्रंथी : लसीका सर्वप्रथम जिच्यात येते त्या ग्रंथीस प्रहरी ग्रंथी म्हणतात, वैद्यकीय व्यवहारात ‘सेंटिनल नोड’ हे नाव अधिक रूढ आहे. हा शब्दप्रयोग गूल्ड व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये लालोत्पादक ग्रंथीच्या कर्करोगासंबंधी केला होता. रामोन काबान्यास यांनी १९७७ मध्ये शिश्नाच्या कर्करोगात लसीका चित्रणाच्या आधारे ही ग्रंथी शोधून तिच्या तपासणीवरून पुढील शस्त्रक्रिया ठरविता येईल असे सुचविले. मात्र त्यांनी तिची जागा ठरीव मानली होती. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या कृष्णकर्करोगात निळे रंगद्रव्य टोचून प्रत्येक रुग्णात ही ग्रंथी स्वतंत्रपणे शोधली, आणि ही कल्पना खऱ्या अर्थाने वापरात आली.

स्तनाच्या कर्करोगात डेव्हिड क्रॅग यांनी १९९३ मध्ये टेक्नेशियमयुक्त कलिल टोचून हातात धरावयाच्या गॅमा संवेदकाने २२ पैकी १८ रुग्णांत प्रहरी ग्रंथी शोधली. आर्मांडो जुलियानो यांनी १९९४ मध्ये केवळ निळ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने केलेल्या १७४ शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी ११४ वेळा ग्रंथी सापडली व १०९ वेळा तिच्यावरून काखेची स्थिती अचूक कळली. मिलान येथील उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९९७ मध्ये १६३ स्त्रियांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत १६० जणींमध्ये ग्रंथी सापडली होती. त्यानंतरच्या मोठ्या यादृच्छिक चाचण्यांनी हे निष्कर्ष दृढ केले. अमेरिकेतील ५,६११ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रहरी ग्रंथी रोगमुक्त असल्यास उरलेल्या ग्रंथी न काढल्याने आयुर्मर्यादेत घट होत नाही, असे त्यांवरून दिसून आले. ब्रिटनमधील १,०३१ रुग्णांच्या चाचणीत हाताच्या तक्रारी या पद्धतीने कमी होतात असे २००६ मध्ये दाखविण्यात आले. अनेक पाहण्या एकत्र करून २०१३ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार काखेतील सर्व ग्रंथी काढलेल्या स्त्रियांत लसीकाशोफाचे प्रमाण सु. २० टक्के, तर केवळ प्रहरी ग्रंथी काढलेल्यांत ते ६ टक्क्यांहून कमी असते.

पद्धती : शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या दिवशी टेक्नेशियमयुक्त कलिलाची अल्प मात्रा अर्बुदाभोवती, त्यावरील त्वचेत किंवा स्तनाग्राभोवतालच्या वर्तुळाजवळ टोचतात. कलिलाच्या कणांचा आकार महत्त्वाचा असतो. कण फार लहान असल्यास ते ग्रंथीत न थांबता पुढे निघून जातात, तर फार मोठे असल्यास टोचलेल्या जागीच राहतात. त्यानंतर गॅमा कॅमेऱ्याने समोरून व बाजूने चित्रे घेतात. टोचलेल्या जागेचा मोठा ठिपका, क्वचित वाहिनीची पुसट रेषा व तिच्या टोकाशी ग्रंथीचा लहान ठिपका असे चित्र दिसते. त्या जागी त्वचेवर खूण करतात. एकविसाव्या शतकात गॅमा कॅमेरा व संगणकीय क्ष-किरण छेदचित्रण यांचा संयोग करणारी यंत्रे आल्याने ग्रंथीची खोलीही कळू लागली. शस्त्रक्रियेच्या वेळी निळे रंगद्रव्य टोचून, काखेत लहान छेद घेऊन निळी दिसणारी किंवा संवेदकास किरणोत्सर्गी आढळणारी ग्रंथी काढतात. तिचा गोठवून छेद घेऊन किंवा नंतर सावकाश जीवोतक परीक्षा करतात. तीत कर्करोगाच्या कोशिका आढळल्या नाहीत, तर काख तशीच ठेवतात.

शस्त्रक्रियेपूर्वीचे चित्र प्रत्येक रुग्णात आवश्यक आहे काय, याविषयी मतभेद आहेत. संवेदक थेट काखेवर फिरवूनही बहुतेक वेळा ग्रंथी सापडते. त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक चित्राविनाच काम भागवितात. काखेबाहेरील ग्रंथी ओळखणे, पूर्वी काखेवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत बदललेला मार्ग शोधणे आणि प्रथम दिसलेल्या ग्रंथीचा क्रम ठरविणे यांसाठी चित्रण विशेष उपयुक्त ठरते.

महाराष्ट्रातील साधनांची उभारणी : या पद्धतीस लागणारे तीन घटक म्हणजे कर्करोगाचे खास रुग्णालय, समस्थानिकांचे उत्पादन व अणुकेंद्रीय वैद्यकाची शाखा. हे तिन्ही घटक मुंबईत स्वातंत्र्याच्या आगेमागे एकामागून एक उभे राहिले. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये तेथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. कर्करोगाचे रुग्णालय व अणुसंशोधन संस्था एकाच प्रशासनाखाली आल्याचा पुढील काळात मोठा लाभ झाला.

तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिच्यामागून १९६० मध्ये ‘सायरस’ व १९८५ मध्ये ‘ध्रुव’ या अधिक शक्तिशाली भट्ट्या आल्या. यांतून वैद्यकास लागणारे समस्थानिक देशातच मिळू लागले. ‘सायरस’ २०१० मध्ये कायमची बंद करण्यात आली. समस्थानिकांच्या पुरवठ्यासाठी १९८९ मध्ये प्रारण व समस्थानिक तंत्रविद्या मंडळ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अणुसंशोधन संस्थेने १९६३ मध्ये परळ येथे, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या जोडइमारतीत, प्रारण वैद्यक केंद्र उघडले. भारतातील अणुकेंद्रीय वैद्यकाच्या शिक्षणाचे ते आद्य केंद्र ठरले. किरणोत्सर्गी पदार्थांच्या वापरावर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ नेमण्यात आले.

रोगाच्या प्रमाणाची मोजणीही मुंबईतच प्रथम सुरू झाली. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी स्थापन केली. लोकसंख्येवर आधारलेली अशी ही भारतातील पहिली नोंदणी होय. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. या दोहोंच्या तुलनेवरून ग्रामीण स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरापेक्षा बरेच कमी असल्याचे दिसून आले. मुंबईत पूर्वी स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळे. पुढे त्याची जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली.

मुंबईतील तुलनात्मक अभ्यास : प्रहरी ग्रंथीची पद्धती भारतात आली, तेव्हा तिच्यापुढे काही निराळ्या अडचणी होत्या. येथील पुष्कळ स्त्रिया अर्बुद मोठे झाल्यावर रुग्णालयात येतात; अशा वेळी काखेतील ग्रंथी बहुधा हातास लागतातच. ज्यांची काख मोकळी वाटते त्यांच्यासाठीही गॅमा कॅमेरा, संवेदक, समस्थानिकांची अनुज्ञप्ती व प्रशिक्षित कर्मचारी एवढी सामग्री लागते. मोठ्या शहरांबाहेरील रुग्णालयांत ती क्वचितच असते. म्हणून यंत्राविना हेच उद्दिष्ट साधणारी एखादी शस्त्रक्रिया आहे काय, असा प्रश्न टाटा मेमोरियल रुग्णालयातील वाणी परमार, राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारास घेतला. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे काखेच्या खालच्या भागातून चार ग्रंथी हाताने चाचपून काढण्याची पद्धती पूर्वीपासून होती. मुंबईतील पद्धतीत शारीर सीमा निश्चित करण्यात आली. बरगड्यांमधून निघून दंडाच्या आतील त्वचेस जाणाऱ्या पहिल्या संवेदी तंत्रिकेच्या खालील सर्व मेद व ग्रंथी एकत्र काढावयाच्या असे ठरले.

या अभ्यासात काख मोकळी वाटणाऱ्या ४७८ स्त्रियांचा समावेश होता. त्यांच्यावर खालच्या भागातील ग्रंथींची शस्त्रक्रिया करण्यात आली, रंग व कलिल यांच्या साहाय्याने प्रहरी ग्रंथी शोधण्यात आली आणि नंतर उरलेल्या ग्रंथीही काढण्यात आल्या. अशा प्रकारे दोन्ही पद्धतींची परीक्षा एकाच काखेत झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काखेत रोग असूनही तो नाही असे चुकीचे उत्तर मिळण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सु. १० ते १३ टक्क्यांच्या दरम्यान असून त्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण फरक नव्हता. यंत्रसामग्री नसलेल्या ठिकाणी प्रशिक्षित शल्यचिकित्सकास केवळ शारीरज्ञानाच्या बळावर काख वाचविता येते, असा याचा अर्थ होतो. या अभ्यासाचे महत्त्व रायगड, ठाणे किंवा सोलापूरसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने अधिक आहे.

शहरापासून दूरच्या भागातील स्थिती : कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे राजमाचीच्या पायथ्याचे गाव तेथील प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे प्रसिद्ध आहे. या परिसरातील स्त्रीस लसीका चित्रण करावयाचे झाल्यास तिला परळ अथवा पनवेल तालुक्यातील खारघर गाठावे लागते. कर्जत रेल्वे स्थानकापासून मुंबईचे अंतर सु. १०० किमी. आहे. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण यांसाठीची प्रगत संस्था २००२ पासून खारघर येथे कार्य करीत असून ती रायगड जिल्ह्यातच येते. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे असल्याने एका दिवसात त्याची सक्रियता सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून कलिल टोचणे, चित्र घेणे व शस्त्रक्रिया करणे या गोष्टी एका ठिकाणी व एक-दोन दिवसांतच उरकाव्या लागतात. कलिल गावोगावी पाठवून हे काम होत नाही. रुग्णासच केंद्राकडे जावे लागते.

कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी, ठाकर व कुणबी स्त्रियांचे जीवन हातांच्या कामावर चालते. भाताची लावणी व कापणी, डोक्यावरून सरपण वा पाणी आणणे, विटा वाहणे यांपैकी कोणतेही काम सुजलेल्या व जड झालेल्या हाताने नीट होत नाही. चिखलात काम करताना होणाऱ्या लहानसहान जखमांनी अशा हातास जंतुसंसर्ग होण्याची भीतीही अधिक असते. म्हणून काखेतील निरोगी ग्रंथी राखणे हा या भागात केवळ सौंदर्याचा अथवा सोयीचा प्रश्न नसून उपजीविकेचा प्रश्न आहे. तथापि ज्यांना या पद्धतीचा लाभ होऊ शकतो, त्यांचा रोग लवकर ओळखला गेला पाहिजे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील वस्त्यांत सुरू केलेल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठराविक कालावधीने हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग आधीच्या अवस्थेत सापडतो असे त्यांत आढळले. पन्नास वर्षांवरील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सु. ३० टक्क्यांनी कमी झाले. या तपासणीस क्ष-किरण यंत्र लागत नाही. चित्रणाचा उपयोग व्हावयाचा, तर त्याआधीचा टप्पा हा असा गावात व वस्तीत पडावा लागतो.

मर्यादा व नवे प्रवाह : निळ्या रंगद्रव्यांमुळे क्वचित तीव्र अधिहृषता होते. काही पाश्चात्त्य देशांत वापरल्या जाणाऱ्या महाग रंगद्रव्यांऐवजी भारतात स्वस्त मिथिलीन ब्ल्यू बहुधा वापरतात. जपानमध्ये कितै व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अवरक्त किरणांखाली अनुस्फुरण दाखविणारे इंडोसायनीन ग्रीन हे द्रव्य वापरले. त्यात लसीकावाहिनी शस्त्रक्रियेच्या वेळीच पडद्यावर उजळलेली दिसते. चुंबकीय लोह ऑक्साइडाच्या कणांचाही उपयोग होऊ लागला आहे. या पद्धतींना किरणोत्सर्गी पदार्थ लागत नसल्याने अनुज्ञप्तीचा व अंतराचा प्रश्न सुटतो. परंतु त्यांची यंत्रेही महागच असतात.

दुसरीकडे प्रहरी ग्रंथी काढण्याची गरजही कमी होत आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८९१ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत, स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर प्रारण चिकित्सा घेणाऱ्या स्त्रियांत एक-दोन प्रहरी ग्रंथींत रोग असला, तरी उरलेली काख साफ न केल्याने अपाय होत नाही असे आढळले. इटलीतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आणखी एक पाऊल पुढे टाकण्यात आले. दोन सेंमी.पर्यंतचे अर्बुद असून श्राव्यातीत ध्वनी चित्रणात काख निर्दोष दिसत असल्यास प्रहरी ग्रंथीही न काढता रुग्ण तितकेच सुरक्षित राहतात, असे तीत दिसून आले. तथापि हे निष्कर्ष लहान अर्बुदांपुरतेच लागू आहेत. मोठे अर्बुद घेऊन येणाऱ्या भारतीय रुग्णांत काखेची खरी स्थिती जाणण्याची गरज अद्याप टिकून आहे.

हॉल्स्टेड यांच्या काळात काखेविषयी निश्चित माहिती मिळविण्यासाठी ती पूर्ण रिकामी करावी लागे. पारा, रंगद्रव्य, किरणोत्सर्गी सोने व टेक्नेशियम अशा टप्प्यांनी मिळालेल्या ज्ञानामुळे तीच माहिती एक-दोन ग्रंथींवरून मिळू लागली. महाराष्ट्रात या ज्ञानाचा लाभ परळ व खारघर येथे येणाऱ्या रुग्णांस मिळत आहे. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांपर्यंत तो पोहोचविण्यासाठी मुंबईत सिद्ध झालेली यंत्रविरहित शस्त्रक्रिया, तिचे शिक्षण घेतलेले शल्यचिकित्सक व रोगाचे वेळीच निदान या तिन्हींची जोड आवश्यक आहे.